घरभाडे वादांतील वैद्यकीय गोपनीयता

घरभाडे वादांतील वैद्यकीय गोपनीयता या संज्ञेत, घरमालकाने जागा रिकामी करून मागितली असता भाडेकरूच्या किंवा त्याच्या कुटुंबीयांच्या आजाराची, उपचारांची व दिव्यांगत्वाची माहिती कोणी मागावी, कोणासमोर ठेवावी आणि किती उघड करावी, यासंबंधीचे कायदे, नियम व न्यायालयीन प्रथा यांचा समावेश होतो. भारतात या विषयावर एकच असा कायदा नाही. भाडे नियंत्रण कायदे, दिवाणी प्रक्रिया संहिता, साक्षीपुराव्याचा कायदा, डॉक्टरांची आचारसंहिता आणि काही विशिष्ट आजारांविषयीचे अधिनियम यांतील तरतुदी एकत्र वाचून हे संरक्षण शोधावे लागते. त्यामुळे ते सर्व आजारांना सारखे मिळत नाही. एचआयव्हीबाधित भाडेकरूला पुरेसे सविस्तर वैधानिक कवच आहे. कर्करोग, क्षयरोग वा मानसिक आजार असलेल्या भाडेकरूला मात्र बहुतांशी न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून राहावे लागते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील स्थितीचा विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

घरमालक भाडेकरूच्या आजाराची चौकशी करतो आणि भाडेकरू ती लपवू पाहतो, असे या वादाचे चित्र सामान्यतः रंगवले जाते. प्रत्यक्षात ताब्याच्या दाव्यांमध्ये वैद्यकीय कागदपत्रे बहुधा भाडेकरू स्वतःच दाखल करतो, कारण घर टिकवण्याचा त्याचा बचाव अनेकदा आजारपणावरच उभा असतो. दाव्यात दाखल झालेल्या कागदाला निशाणी क्रमांक मिळतो, त्याची प्रत विरुद्ध पक्षाला द्यावी लागते, त्यावर उलटतपासणी होते आणि निकालपत्रात त्याचा मजकूर उतरतो. ज्या घरमालकाशी वर्षानुवर्षे वैर आहे आणि जो बहुधा त्याच इमारतीत राहतो, त्याच्या हाती डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या जातात. घर वाचवण्यासाठी गोपनीयता सोडावी लागते, हा या विषयातील खरा पेच होय.

यात आणखी एक बाजू सहज नजरेआड होते. पुष्कळदा आजारी व्यक्ती दाव्यात पक्षकार नसते. भाडेपावती मुलाच्या नावावर असते आणि अंथरुणाला खिळलेली असते त्याची आई. तिच्या आजाराचे कागद मुलगा न्यायालयात देतो. तिची संमती कोणी विचारत नाही, आणि ती घेतलीच पाहिजे असे दिवाणी प्रक्रिया संहितेत कोठे म्हटलेलेही नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातील प्रसंग

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे कायदा, मध्य प्रांत व वऱ्हाडातील १९४९ चा आदेश आणि हैदराबाद संस्थानाच्या भागातील १९५४ चा कायदा यांची जागा त्याने घेतली. या अधिनियमात ‘गोपनीयता’ हा विषय नाही. भाडेकरूने आपल्या प्रकृतीची माहिती घरमालकाला द्यावी असे बंधनही त्यात नाही, आणि केवळ आजारी असणे हे जागा रिकामी करून घेण्याचे कारण नाही. तथापि कलम १६ मधील तीन प्रसंगी आजाराचा विषय दाव्यात येतो.

पहिला प्रसंग घरमालकाच्या वाजवी व खऱ्याखुऱ्या गरजेचा. कलम १६(१)(छ) खाली घरमालक स्वतःसाठी जागा मागू शकतो. परंतु कलम १६(२) नुसार हुकूमनामा दिल्याने होणारा त्रास हा तो नाकारल्याने होणाऱ्या त्रासाहून अधिक आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्यास हुकूमनामा देता येत नाही. दोन्ही बाजूंना दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे काय, हेही पाहावे लागते. जागेच्या एका भागापुरता हुकूमनामा दिल्याने कोणालाच त्रास होणार नसेल, तर तेवढ्याच भागाचा ताबा देण्याची तरतूदही याच पोटकलमात आहे. या तुलनेला वकिली भाषेत तुलनात्मक हालअपेष्टांचा मुद्दा म्हणतात. डायलिसिसचे केंद्र जवळ असणे, जिना चढता न येणे, दम्यामुळे विशिष्ट वस्तीत राहणे अशक्य असणे या गोष्टी येथे महत्त्वाच्या ठरतात. हा मुद्दा मांडायचा तर तो सिद्ध करावा लागतो. ‘प्रकृती बरी नसते’ एवढे मोघम विधान उलटतपासणीत टिकत नाही.

गरजेच्या दाव्यात घरमालकही याच कात्रीत सापडतो, हे येथेच नोंदवणे योग्य. तळमजल्यावरील खोली गुडघेदुखीमुळे हवी आहे, किंवा आजारी वडिलांना शहरात उपचारांसाठी आणायचे आहे, असे म्हणणाऱ्या घरमालकाला आपल्या घरातील आजारपण भाडेकरूपुढे उघडे करावे लागते.

दुसरा प्रसंग न वापरलेल्या जागेचा. दाव्याच्या तारखेच्या लगत आधीचे सलग सहा महिने जागा ज्या कारणासाठी दिली होती त्यासाठी वाजवी कारणाशिवाय वापरली गेली नसेल, तर कलम १६(१)(ढ) या शेवटच्या खंडांपैकी एका खंडाखाली ताबा मागता येतो. दीर्घकाळ रुग्णालयात असलेला, शस्त्रक्रियेनंतर मुलीकडे राहिलेला किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेला भाडेकरू या खंडात अडकू शकतो. त्याला आपल्या अनुपस्थितीचे ‘वाजवी कारण’ सांगावे लागते. येथे मात्र आजाराचे नाव सांगण्याची गरज तुलनेने कमी असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रुग्ण दाखल होता आणि त्यानंतर इतका काळ त्याला एकट्याने राहणे शक्य नव्हते, एवढे प्रमाणपत्र मुद्दा सिद्ध करण्यास पुष्कळदा पुरेसे असते. तरीही संपूर्ण केस पेपर दाखल करण्याची सवय वकीलवर्गात आढळते.

तिसरा प्रसंग उपद्रवाचा. शेजाऱ्यांना उपद्रव वा त्रास होईल असे वर्तन हे कलम १६(१)(क) ते (ढ) या यादीतील एक कारण आहे. रात्री-अपरात्री ओरडणे, भिंतींवर ठोकणे, सार्वजनिक जिन्यात घाण करणे असे आरोप करताना ‘प्रतिवादी मनोरुग्ण आहे’ असे वाक्य दावाअर्जात घातले जाते. कायद्याला मतलब वर्तनाशी आहे, निदानाशी नाही. असा मजकूर अनावश्यक किंवा बदनामीकारक असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १६ खाली तो दावाअर्जातून काढून टाकण्याची मागणी करता येते. या तरतुदीचा उपयोग व्हावा तितका होत नाही.

लिव्ह अँड लायसन्स करारांची गोष्ट वेगळी आहे. मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे संक्षिप्त पद्धतीने ताबा मागता येतो, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्रासाच्या तुलनेचा बचाव तेथे उपलब्ध नाही. म्हणून अशा प्रकरणात आजाराचे कागद दाखल करून कायदेशीर लाभ जवळजवळ होत नाही. फार तर जागा सोडण्यासाठी थोडी मुदत मिळते. आज शहरांतील बहुसंख्य नवे करार याच प्रकारचे असल्याने हा भेद लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे.

न्यायालयापुढील कागद व साक्ष

भाडेकरूचे दावे बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात, आणि जेथे लघुवाद न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. सुनावणी सामान्यतः खुली असते.

भारतीय कायद्यात डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषणाला साक्षीपुराव्यातून सूट नाही. वकील व पक्षकार यांच्यातील संभाषणाला ती १८७२ च्या पुरावा अधिनियमाने दिली होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम ठेवली. डॉक्टरांचा समावेश दोन्हींत नाही. या भूमिकेचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १७७६ मध्ये डचेस ऑफ किंग्स्टन यांच्यावरील द्विभार्याप्रतिबंधक स्वरूपाच्या, म्हणजे पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याच्या खटल्यात, शल्यविशारदाला व्यावसायिक गुपिताच्या आधारे उत्तर नाकारता येणार नाही, असे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी म्हटले होते.

डॉक्टरांवरील बंधन येते ते व्यावसायिक आचारसंहितेतून. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील ७.१४ या परिच्छेदानुसार व्यवसाय करताना कळलेली रुग्णाची गुपिते उघड करता येत नाहीत. याला तीन अपवाद आहेत: न्यायाधीशाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग. घरमालक किंवा गृहनिर्माण संस्थेचा सचिव यांच्या चौकशीला उत्तर देणे यांपैकी कशातही बसत नाही. याच विनियमांनुसार रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर प्राधिकाऱ्याने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. रुग्णाला स्वतःच्या नोंदी लवकर मिळाव्यात हा त्यामागील हेतू आहे. वकिलाने केवळ नोटीस पाठवून विरुद्ध पक्षाच्या नोंदी मागवणे त्यात येत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. ७ मे २०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने क्षयरोगाची प्रत्येक नोंद आरोग्य यंत्रणेला कळवणे बंधनकारक झाले, आणि २०१८ मध्ये औषधविक्रेत्यांनाही त्यात सामील करण्यात आले. ही माहिती आरोग्य अधिकाऱ्याला जाते. ती घरमालकाला वा शेजाऱ्यांना कळवण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही.

न्यायालयाच्या हाती गोपनीयता राखण्याची साधने आहेत, मात्र ती विखुरलेली आहेत. संहितेच्या कलम १५३-ख मध्ये न्यायालय खुले असण्याचे तत्त्व सांगतानाच, विशिष्ट प्रकरणात लोकांना किंवा एखाद्या व्यक्तीला प्रवेश नाकारण्याचा न्यायाधीशाचा अधिकारही मान्य केला आहे. त्याआधी १९६६ मध्ये नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, न्यायाच्या हितासाठी आवश्यक असल्यास बंद दालनात सुनावणी घेण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे, असे म्हटले होते. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातील एका बदनामीच्या दाव्यातून उद्भवले होते. साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांत छापू नये असा आदेश तेथे देण्यात आला होता.

आजारी माणसाला न्यायालयात येता येत नसेल, तर आदेश २६ नुसार आयुक्त नेमून त्याची साक्ष घरी नोंदवता येते. या आदेशाच्या पहिल्या नियमाला जोडलेले स्पष्टीकरण गोपनीयतेच्या दृष्टीने फार उपयोगी आहे: नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या सहीचे प्रमाणपत्र, त्या डॉक्टरला साक्षीला न बोलावताही, आजाराचा वा अशक्ततेचा पुरावा म्हणून न्यायालय स्वीकारू शकते. डॉक्टरची उलटतपासणी टळली की आजाराचा तपशीलही दप्तराबाहेर राहतो.

पक्षकाराची वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश दिवाणी न्यायालय देऊ शकते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे २००३ मध्ये एका वैवाहिक दाव्यात आला. असा आदेश देता येतो आणि त्याने कलम २१ चा भंग होत नाही, मात्र अर्जदाराची बाजू सकृद्दर्शनी सबळ असावी व न्यायालयापुढे पुरेशी सामग्री असावी, असे न्यायालयाने ठरवले. आदेश न पाळल्यास प्रतिकूल अनुमान काढता येईल, असेही सांगितले. वैवाहिक दाव्यात मानसिक आजार हा स्वतःच वादाचा मुद्दा असू शकतो. भाडेवादात तो तसा नसतो, त्यामुळे या निर्णयाचा आधार घेऊन भाडेकरूच्या तपासणीची मागणी करताना घरमालकाची वाट अधिक बिकट असते. भाडेकरूने स्वतःच आजारपणाचा बचाव घेतला असेल तर मात्र ती सोपी होते.

घटनात्मक पार्श्वभूमी

मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला, पण तो निरपवाद नाही असे सांगितले. त्या प्रकरणात एचआयव्हीबाधिताच्या नियोजित वधूच्या आरोग्याचा प्रश्न होता. एकाच इमारतीत राहण्याने एचआयव्हीचा संसर्ग होत नसल्यामुळे घरमालकाला या निकालाचा आधार घेता येणे कठीण आहे. २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक सूत्र मांडले: एखाद्याने आपले कागद दुसऱ्याच्या ताब्यात दिले म्हणून त्यांवरील त्याचा गोपनीयतेचा हक्क संपत नाही. हे बँकेतील कागदांविषयी असले तरी रुग्णालयातील कागदांनाही लागू पडण्याजोगे आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, ही त्यातील कसोटी. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात, आणि घरमालक खासगी व्यक्ती असतो. तथापि कलम १९ व २१ खालील हक्क शासनाखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ३ जानेवारी २०२३ रोजी बहुमताने म्हटले आहे. घरमालक महानगरपालिका, गृहनिर्माण मंडळ किंवा दुसरी शासकीय संस्था असेल तर हा अडसरही राहत नाही.

महापालिकेच्या वा सरकारी रुग्णालयातील भाडेकरूच्या नोंदी माहिती अधिकाराच्या अर्जाने मागवण्याचा मार्गही बंद आहे. माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीला सूट देते, आणि वैद्यकीय नोंदी, उपचार, डॉक्टर व रुग्णालयांची नावे ही अशी माहिती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले.

एचआयव्ही व मानसिक आजार

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. घरभाड्याच्या संदर्भात आजाराच्या गोपनीयतेचा सर्वांत स्पष्ट विचार याच अधिनियमात आढळतो. एखाद्या मालमत्तेत राहण्याचा, ती विकत वा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारणे, संपुष्टात आणणे किंवा त्याबाबत अन्यायाने वागणे हे त्यात भेदभाव ठरवले आहे. संरक्षण केवळ बाधित व्यक्तीला नसून तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही आहे. न्यायासाठी व वादातील मुद्दा ठरवण्यासाठी आवश्यक आहे असा आदेश असल्याशिवाय कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती सांगण्यास भाग पाडता येत नाही. कलम ३४ खाली न्यायालय पक्षकाराचे नाव बदलून टोपणनावाने कामकाज चालवू शकते, बंद दालनात सुनावणी घेऊ शकते आणि ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई करू शकते. न्यायालयीन कामकाजातून कळलेली माहिती आदेशाविना उघड करणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

टोपणनावाची ही प्रथा अधिनियमापूर्वीची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. एमएक्स विरुद्ध झेडवाय या १९९७ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित कामगाराला आपले नाव झाकून दाद मागू दिली. प्रकरण नोकरीचे होते. निकालाच्या शीर्षकातील अक्षरे ही पक्षकारांची खरी आद्याक्षरे आहेत असे समजण्याचे कारण नाही.

मानसिक आरोग्य काळजी अधिनियम, २०१७ चे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, परंतु त्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, घरमालकावर नाही. घरमालकाविरुद्ध अधिक उपयोगी पडते ते कलम ३(५): मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज, ती व्यक्ती विकलमनाची ठरत नाही.

खासगी व डिजिटल माहिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्यस्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील वैयक्तिक माहिती मानले. पण ते नियम कंपन्या व तत्सम संस्थांना लागू होतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा वर्ग ठेवलेला नाही. व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या वापरालाही बऱ्याच बंधनांतून सूट आहे. एकच सदनिका भाड्याने देणाऱ्या घरमालकापेक्षा भाड्याच्या घरांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीवर या कायद्याचा भार अधिक पडतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर भाडेकरूच्या आजाराची वाच्यता झाल्यास बदनामीच्या कायद्याचा आधार घेता येतो. परंतु आरोप खरा असेल तर हे हत्यार बोथट पडते, आणि आजाराविषयीची बातमी बहुधा खरीच असते.

कोविड-१९ च्या काळात

मार्च २०२० मध्ये रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना संसर्गाच्या भीतीने घरे सोडण्यास सांगितल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. दिल्ली सरकारने अशा घरमालकांवर कारवाईचे आदेश काढले. २९ मार्च रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने मजूर व विद्यार्थी यांना जागा सोडायला लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले. एप्रिलमधील अध्यादेशाने साथरोग अधिनियम, १८९७ मध्ये दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांच्या राहण्याच्या परिस्थितीवर परिणाम करणारा छळ ‘हिंसेच्या कृती’त गणला गेला. बाधितांच्या दारावर फलक लावण्याच्या प्रथेविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी, आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट निर्देश असल्याशिवाय असे फलक लावू नयेत, असे सांगितले. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना अशा फलकाची झळ अधिक बसे, हे उघड आहे.

इतर देशांत

अमेरिकेत १९८८ च्या दुरुस्तीने फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये दिव्यांगांचा समावेश झाला. भाड्याने घर मागणाऱ्याला दिव्यांगत्व आहे काय किंवा ते किती तीव्र आहे, असे विचारण्यास तेथील नियम सामान्यतः मनाई करतात. भाडेकरूने आपल्यासाठी एखाद्या नियमात सवलत मागितली आणि गरज उघड दिसत नसेल, तर घरमालक त्या गरजेपुरतीच माहिती मागू शकतो. संपूर्ण वैद्यकीय नोंदी मागू शकत नाही आणि मिळालेली माहिती त्याला गुप्त ठेवावी लागते, असे गृहनिर्माण व न्याय विभागांच्या मे २००४ च्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे. १९९६ चा ‘हिपा’ कायदा घरमालकांना लागू आहे, असा समज तेथेही सर्रास आढळतो. तो रुग्णालये, डॉक्टर, विमा कंपन्या व त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांपुरता आहे.

इंग्लंडमध्ये इक्वॅलिटी ॲक्ट, २०१० नुसार दिव्यांगत्वातून उद्भवलेल्या कारणावरून भाडेकरूला बाहेर काढणे भेदभाव ठरू शकते, आणि घरमालकाचे पाऊल प्रमाणबद्ध होते काय हे न्यायालयाला स्वतः तपासावे लागते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. या बचावासाठी दिव्यांगत्व सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करण्यासाठी तेथील भाडेकरूलाही आपले वैद्यकीय कागद घरमालकाच्या वकिलापुढे ठेवावे लागतात.